आमेन होईपर्यंत

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, भगिनी योसिना सापुलेते, वय अठ्ठावन्न, विधवा, व्यवसाय सागोच्या वड्या भाजणे, यांची बेथेल विभाग, गट सहा, या गटाच्या पंचपदी विधिवत निवड झालेली असून त्यांच्या कर्तव्यांत पुढील बाबी अंतर्भूत आहेत: आजाऱ्यांस भेटी देणे, शोकाकुलांचे सांत्वन करणे, आणि गटातील कोणत्याही कुटुंबाच्या आनंदात, दुःखात किंवा सागरी प्रवासाच्या प्रसंगी प्रकट प्रार्थनेचे नेतृत्व करणे. आवाज: पुरेसा. वर्तणूक: चांगली. हरकत: आलेली नाही.

हरकत आलेली नव्हती, कारण निवड झाली तेव्हा योसिना सभेत नव्हती. भट्टीतल्या वड्या करपतील म्हणून ती उठून घरी गेली होती. परत आली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि तिनेही, कोणाचं तरी भलं झालं असेल या समजुतीने, थोड्या वाजवल्या.

नाही म्हणायची सोय नव्हती. ख्रिस्ती मंडळीचं काम नाकारलं की घरावर संकट येतं, हे योसिनाच्या बेटावर पोरासोरांनाही माहीत आहे. लेवी नावाच्या एका गृहस्थाने नाकारलं होतं आणि वर्षाच्या आत त्याच्या खांद्यावर नारळ पडला. लेवी नारळाचा व्यापारी होता आणि दुपारी झाडाखालीच झोपायचा, ही गोष्ट कोणी हिशेबात धरत नाही. योसिनानेही धरली नाही. तिने पद घेतलं आणि त्या दिवसापासून तिला नीट झोप लागली नाही.

गोष्ट अशी होती की तिला मोठ्याने प्रार्थना करता येत नव्हती. तिच्या घरात ते काम नवऱ्याचं होतं. दोमिंगुस सापुलेतेचा आवाज होता भरदार. तो प्रार्थनेच्या मेजापाशी उभा राहिला की आधी जगातल्या राजेलोकांसाठी मागायचा, मग बेटावरच्या विधवांसाठी, मग आजारी, प्रवासी आणि तुरुंगातले, आणि घरच्यांपर्यंत येईतो ताटलीतला, सागो नावाच्या माडाच्या पिठाचा पापेदा थंड होऊन खळीसारखा घट्ट झालेला असायचा. योसिना डोळे मिटून, चुलीवर माशाचं कालवण उतू जातंय का याचा कानोसा घेत उभी असायची. तिच्या वाटची प्रार्थना एवढीच. दोमिंगुस गेल्यावर ती रोज संध्याकाळी त्या मेजावरचा पांढरा कपडा झटकायची, त्यावरची पांढरी बशी पुसायची आणि थोडा वेळ गप्प उभी राहायची. कोणी काही विचारत नव्हतं, ती काही सांगत नव्हती. तिचं बरं चाललं होतं.

त्या मेजाबद्दल एवढं सांगायला हवं की ते प्रत्येक घरात असतं आणि त्यावर दुसरं काहीही ठेवत नाहीत, किल्लीसुद्धा नाही. कोणी समुद्रावर निघालं की सगळे त्याच्याभोवती उभे राहतात, प्रार्थना होते, आमेन होतं, आणि जाणारा मागे न बघता दारातून बाहेर पडतो. आमेन होईपर्यंत कोणी पाऊल उचलत नाही. नावाडी तर मुळीच नाही.

पंच झाल्यावर योसिनाची पहिली प्रार्थना ओमा बात्सेबासाठी झाली. म्हातारी नव्वदीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली. योसिनाने एकच वाक्य म्हटलं, "देवा, हिला आराम दे." दुसऱ्या दिवशी सकाळी ओमा बात्सेबा गेली. सगळे म्हणाले सुटली बिचारी. योसिनाला मात्र तो आराम म्हणायचाच नव्हता.

मग लवंगा उन्हात पसरलेल्या असताना गटाने तिच्याकडून कोरड्या दिवसांसाठी मागणं मागून घेतलं. चटया गुंडाळायलाही उसंत न देता पाऊस आला आणि ठाण मांडून बसला. मग ओतिस नावाड्याने नवं इंजिन आणलं. त्याच्यासाठी तिने धक्क्यावर उभं राहून आशीर्वाद मागितला, आणि ओतिस ते होडीला बसवत असताना, सर्वांच्या देखत, ते इंजिन पाण्यात गेलं.

गावाला हसायला एक विषय मिळाला. "उसी," बाजारात बायका हाक मारायच्या, कारण थोरल्या बहिणीला तिकडे उसी म्हणतात आणि योसिना सगळ्यांचीच थोरली बहीण होती, "उसी, माझ्या सासूच्या तब्येतीसाठी जरा मागशील का? मनापासून माग हं!"

"माझ्या नणंदेसाठी आधी," दुसरी म्हणायची. "माझा नंबर वर लाव."

योसिनाही हसायची. हसता हसता तिचे तळहात गार पडायचे. पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, तिने एकदा चाचरत विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "उसी, प्रार्थना म्हणजे काही यंत्र नव्हे." तिला ओतिसचं इंजिन आठवलं आणि तिने पुढे काही विचारलं नाही. वर कोणी ऐकत नसेल, ही भीती तिला कधी वाटलीच नव्हती. कोणीतरी कान लावून ऐकतंय आणि तिचं बोलणं उलटं धरतंय, ही होती. अशा माणसाने तोंड उघडणं म्हणजे गवताच्या छपराखाली काडी ओढणं.

म्हणून तिने एक युक्ती काढली. ती फक्त आभार मानू लागली. छपराबद्दल, समुद्राबद्दल, उजेडाबद्दल, बसायला दिलेल्या खुर्च्यांबद्दल आभार, आमेन. मागणं काही नाही, कोणाचं नाव नाही. गटाला तिच्या सभा आवडू लागल्या. चहा गरम मिळायचा.

ऑगस्टमधली गोष्ट. पूर्वेचा वारा सुरू होता, समुद्र दगडांवर आपटत होता. पाळक आंबोनला बैठकीला गेले होते आणि बाकीचे पंच डोंगरावर लवंगा तोडायला. दुपारचं जेवण झालं आणि योसिनाची मुलगी हेर्लिन भिंत धरून उभी राहिली. पहिलंच बाळंतपण. जावई दूर सोरोंगला जहाजावर.

नर्सबाई रास्मिन आली. ती बुतोनची, मुसलमान, बारकी, तिखट जिभेची. बेटावरची निम्मी पोरं तिच्या हातावर जगात आलेली. तिने हेर्लिनच्या पोटावर हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तिची बडबड थांबली. रास्मिन बोलायची थांबली हे योसिनाने पहिल्यांदाच पाहिलं.

"काय गं?"

"डोकं वर आहे. पाय खाली."

"म्हणजे?"

"म्हणजे पलीकडे न्यायचं. सापारुआला, इस्पितळात. इथे माझ्याकडे कात्री आहे, दोन इंजेक्शनं आहेत आणि तू आहेस. त्यात भागायचं नाही. ओतिसला बोलवा. आत्ता!"

ओतिस आलाही. होडी धक्क्याला तयार होती, इंजिन नवं होतं, म्हणजे त्या नव्यानंतरचं नवं. बायकांनी हेर्लिनला खुर्चीत बसवून पुढच्या खोलीत आणलं. शेजारपाजारचे पुरुष ओसरीवर जमले. सगळे मेजाभोवती उभे राहिले. ओतिसने उंबऱ्याबाहेर, ओसरीवरच, टोपी काढून छातीशी धरली आणि मग सगळ्यांनी योसिनाकडे पाहिलं.

हे येणार हे तिला कळायला हवं होतं. पण लेकीच्या कळांपुढे तिला मेजाची आठवणच राहिली नव्हती.

"तू कर," ती ओतिसला म्हणाली.

"मी? मी पंच आहे का, उसी?"

"होडी तुझी आहे."

"होडी माझी आहे म्हणूनच म्हणतो. असल्या समुद्रात मी बिनप्रार्थनेची दोरी सोडणार नाही. तू कर, मी सोडतो."

"पंचबाई घरात असताना नावाडी प्रार्थना करणार?" मामा तीन म्हणाली. ही शेजारीण, देवळात पहिल्या बाकावर बसणारी. तिकडे मामा म्हणजे आई, तीन हे तिचं नाव, आणि मामा तीन सगळ्यांच्याच आईसारखी वागायची. "मग पुढच्या वेळी होडी योसिनाला चालवू दे!"

"मग तू कर, मामा."

"मी? माझी काय निवड झालीय? माझ्या वेळी टाळ्या वाजल्या नव्हत्या."

"अहो कोणीही करा," रास्मिन ओरडली, "पण करा! प्रार्थना संपेपर्यंत बाळ थांबेल असं त्याने कोणाला कळवलंय का?"

हेर्लिनने खुर्चीच्या हातांवर नखं रोवली. "आई, कर ना गं," ती दातांमधून म्हणाली. "आभाराची नको. नीट कर."

योसिना मेजाकडे वळली. "बापा," ती म्हणाली, आणि सगळ्यांचे डोळे मिटले.

पुढचा शब्द तिच्या तोंडात होता: सुखरूप. होडी सुखरूप जाऊ दे. तो शब्द जिभेवर आला आणि तिला ओमा बात्सेबाचा पिवळा चेहरा दिसला, वाफाळणाऱ्या चटया दिसल्या, आणि पाण्याखाली जाणारं ते इंजिन दिसलं, शांतपणे, बुडबुडे सोडत. सुखरूप म्हटलं की होडी उलटणार. तिला ते इतकं स्वच्छ दिसलं की हेर्लिनचं निळं सारोंग, म्हणजे तिकडच्या बायका नेसतात ते कमरेचं वस्त्र, पाण्यावर पसरलेलंही दिसलं.

मग तिला असा एक विचार आला, की जो पुढे कित्येक महिने ती कोणाला सांगू शकली नाही. तो उलटंच ऐकत असेल तर उलटंच मागावं. बुडव म्हणावं. होडी बुडव, माझी लेक ने. म्हणजे ती वाचेल.

हा विचार येताच तिने तो झटकला. कारण आजच जर त्याने सरळ ऐकलं तर?

बाहेर एक मोठी लाट फुटली. खोलीत कोणी हललं नाही. पंच बोलायचा थांबला की मंडळी थांबते, हा रिवाज आहे. देवाशी बोलताना माणसाला मध्ये दम घ्यावा लागतो.

"उसी," रास्मिन कुजबुजली, "उसी, लवकर."

योसिनाने मग ती प्रार्थना धरली जी प्रभूने स्वतःच शिकवली आहे, जी झोपेतही चुकत नाही, ज्यात तिच्या पदरचा एकही शब्द नाही. खोलीत सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सगळे तिच्यामागोमाग पुटपुटू लागले, ओसरीवरचे पुरुषही. नाव पवित्र असो, राज्य येवो. आणि पुढची ओळ आली. तुझ्या मनात असेल तसं होऊ दे, अशा अर्थाची ती ओळ. तिथे योसिना थांबली.

जन्मभर तिने ती ओळ म्हटली होती, आणि त्यात काय म्हटलंय हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं. त्याच्या मनात काय आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसताना ती लेक कशी देणार? तिचे ओठ मिटले ते उघडेनात. आणि ती थांबली म्हणून सगळे थांबले. अर्धवट प्रार्थनेत, माना खाली घालून, डोळे मिटून, अख्खा गट सहा उभा राहिला. ओतिसच्या हातातली टोपी हलत नव्हती. आमेन झालं नव्हतं.

"काय चाललंय तुमचं?" रास्मिन म्हणाली. "उचला तिला! अरे उचला!"

"आमेन होऊ दे, बाई," मामा तीन डोळे न उघडता म्हणाली.

"आई!" हेर्लिन किंचाळली, आणि खुर्चीखालच्या फळ्यांवर पाणी सांडलं.

रास्मिन गुडघ्यावर बसली, पाहिलं, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "होडी राहू दे. पाऊल दिसतंय. आता वाटेत नाही, आता इथेच. चटई टाका. पुरुषांनो, तोंड फिरवा तिकडे!"

ओसरीवरच्या पुरुषांनी डोळे न उघडता समुद्राकडे तोंडं फिरवली.

"उसी, तू मागे बस. हिला काखेतून धर. आणि सोडायचं नाही. मी काही म्हणेपर्यंत सोडायचं नाही, कळलं?"

योसिना खाली बसली. लेकीचं डोकं तिच्या छातीशी आलं, घामाने भिजलेलं, लहानपणी तापात असायचं तसं. मेजाचा पाय तिच्या पाठीत रुतत होता.

पुढचा वेळ किती गेला ते तिला कधीच सांगता आलं नाही. तिला आठवतं ते रास्मिनचं काहीही न करणं. पाय आले, कंबर आली, आणि रास्मिन हात वर धरून बसून राहिली, हात न लावता.

"ओढ ना गं!" योसिना ओरडली.

"ओढायचं नसतं. ओढलं की डोकं अडकतं. येऊ द्यायचं." रास्मिनच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती तो पुसत नव्हती. "हेर्लिन, कळ आली की दे जोर. आली की. आत्ता नाही. उसी, धर!"

योसिनाने धरलं. आणि मग ती बोलू लागली. कोणी सांगितलं नव्हतं, डोळे मिटलेले नव्हते, हात जोडायला मोकळे नव्हते. "सोडू नकोस," ती म्हणत होती. "सोडू नकोस हं. मला मागता येत नाही, तुला माहितीय. मी मागते तसं देऊ नकोस. मला काय हवंय ते तुला दिसतंय ना? डोळे आहेत ना तुला? मग बघ! उलटं ऐकू नकोस. आज नको. राग असेल तर माझ्यावर काढ, मी घाबरट आहे, मी नुसते खुर्च्यांचे आभार मानले, मला ठाऊक आहे. हिला सोडू नकोस. धर. मी इकडून धरलीय, तू तिकडून धर."

आवाज पुरेसा होता. ओसरीवर सगळं ऐकू येत होतं.

खांदे आले. मग डोकं आत राहिलं आणि सगळं थांबलं. हा क्षण योसिनाला अजूनही भट्टीपुढे बसल्यावर गाठतो. एक इवलं शरीर, निळसर, लोंबकळतं, ना आतलं ना बाहेरचं. रास्मिनने आता हात घातला, एक खाली, एक वर. काही मोजावं तसं तिचे ओठ हलत होते, पण ती मोजत नव्हती, ती तिच्या देवाशी तिच्या भाषेत बोलत होती. हेर्लिनचा आवाज फुटेनासा झाला होता. समुद्र तेवढा बोलत होता.

"धर," योसिना म्हणाली. बस, तेवढंच.

डोकं आलं. बाळ रडलं नाही. रास्मिनने त्याला पालथं घेतलं, पाठ चोळली, तोंडात बोट फिरवलं, पुन्हा चोळली, टॉवेलाने खसाखसा, जणू कढई घासतेय. आणि मग फाटक्या फडक्यासारखा एक आवाज आला, पुन्हा आला, आणि मोठा झाला.

रास्मिन मागे भिंतीला टेकली. "आमीन," ती म्हणाली, श्वास सोडत, तिच्यात म्हणतात तसं.

"आमेन!" ओसरीवरून दणदणीत प्रतिसाद आला. सगळ्यांनी डोळे उघडले. ओतिसने टोपी डोक्यावर चढवली आणि दारातून डोकावला.

"चला, झालं? कोणाला न्यायचंय?"

"मला ने," मामा तीन म्हणाली, आणि खाली बसून रडू लागली.

मुलगी होती. पण संध्याकाळपर्यंत कोणी खुशीत आलं नाही, कारण हेर्लिनचं रक्त थांबत नव्हतं. रास्मिनने दोन्ही इंजेक्शनं दिली, पोट दाबून धरलं, बाळाला छातीशी लावलं. या अवस्थेत तिला होडीत घालायचं नाही, म्हणाली, त्या लाटांत ती आडवी राहणार नाही. योसिना लेकीचे पाय हातात घेऊन बसली. पाय गार होते. तिने आभार मानले नाहीत. आभारही उलटे धरले गेले तर, ही भीती तिच्यात अजून होती. ती नुसती तळवे चोळत राहिली आणि मधून मधून, कोणाला कळेल न कळेल असं, "धर" म्हणत राहिली. चुलीवर दुसऱ्यांदा पाणी तापलं तेव्हा तळव्यांना ऊब आली. रास्मिनने कपडा बदलला, बघितला, आणि शेजारणीला म्हणाली, "आता मला कोणीतरी जेवायला घाला."

हा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी देवळात गर्दी नेहमीपेक्षा जास्त. योसिना शेवटच्या बाकावर बसली, रात्रभर जागून डोळे सुजलेले. उपासनेआधी तिच्याकडे तिघे येऊन गेले होते. एकाला गुडघ्यासाठी मागायचं होतं, एकीला मुलाच्या परीक्षेसाठी. तिसरा ओतिस. "उसी, इंजिनासाठी पुन्हा एकदा," तो म्हणाला. "पण या वेळी कालच्यासारखी कर. ओरडून." तिघांपैकी कोणी हसलं नव्हतं. बाजारात हसणाऱ्या बायका आता तिला वाट सोडत होत्या, आणि त्यामुळे तिला पूर्वीपेक्षा जास्त भीती वाटत होती. पूर्वी निदान ते तिच्याकडून कशाचीच अपेक्षा करत नव्हते. आता तळहात गार पडले की लपवायला हसणंही उरलं नव्हतं. तरी तिघांनाही तिने हो म्हटलं होतं. नाही म्हणायची सोय तेव्हाही नव्हती. आणि शिवाय, हे तिने स्वतःशीही दबकतच कबूल केलं, आता तिला त्याच्याशी बोलल्यावाचून राहवणार नव्हतं.

मंडळीचे चिटणीस सूचना वाचायला उभे राहिले. शनिवारी दुपारी कोणीतरी धावत जाता जाता त्यांना ओरडून सांगितलं होतं की उसीची हेर्लिन सापारुआला निघालीय, प्रार्थना व्हायचीय. चिटणीस वक्तशीर गृहस्थ. त्यांनी बसल्या बसल्या मजकूर तयार करून ठेवला होता, आणि रात्री त्यात बाळाची भर घातली होती. चष्मा सावरून त्यांनी वाचलं:

"बेथेल विभाग, गट सहा. काल दुपारी पंच भगिनी योसिना सापुलेते यांच्या नेतृत्वाखाली प्रवासाची प्रार्थना सुव्यवस्थितपणे पार पडली. प्रतिकूल हवामान असतानाही सापुलेते कुटुंबाचा सागरी प्रवास सुखरूप संपन्न झाला असून, मंडळीच्या सभासदसंख्येत एका कन्येची वाढ झालेली आहे. याबद्दल मंडळी देवाचे उपकार मानीत आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ओतिसनेही डोलावली.

होडी दिवसभर धक्क्यालाच बांधलेली होती.